‘इतकी वर्सां थंय रवान गावाक काय दिल्यान?’

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या वाडीतले एक गृहस्थ मुंबईत विधानमंडळ सचिवालयात ३४ वर्षं नोकरी करून ३१ मे रोजी निवृत्त झाले. लिपिक-टंकलेखक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून बाहेर पडले. गणपतीला ते कायमचेच गावी येतायत. देवळाच्या सभामंडपात त्यांचा सत्कार करायचं ग्रामस्थ मंडळात ठरलं, पण बैठकीत एका जुन्या माणसानं सरळ विचारलं, “इतकी वर्सां थंय रवान गावाक काय दिल्यान?” कोणाला उत्तर देता आलं नाही. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आहे. मंडळाचा आग्रह आहे की ‘यांच्या प्रयत्नांमुळे वाडीचा रस्ता मंजूर झाला’ असं लिहावं. हे खरं आहे का, मला माहीत नाही, आणि ते स्वतः कामाबद्दल काही बोलत नाहीत. मी काय लिहू? शाल-श्रीफळाखेरीज काय देता येईल?
— एक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : गुरुजी, आधी ते रस्त्याचं वाक्य खोडा. मंडळ नाराज झालं तरी खोडा. भर सभेत ते वाचलं गेलं तर त्या माणसाला मान वर करता येणार नाही. ज्या गोष्टीपासून तो ३४ वर्षं लांब राहिला, तीच तुम्ही त्याच्या नावावर लिहाल.

मी त्याच इमारतीत २९ वर्षं प्रतिवेदक होते. सभागृहात बोललेला शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवायचा, पाळी संपली की धावत जाऊन टंकलिखित करायचा. तुमच्या गृहस्थांना मी ओळखत असेन किंवा नसेन, पण त्यांचं काम मी ओळखते. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गावाकडे मंत्रालय आणि विधान भवन एकच समजतात. दोन्ही इमारती चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे. पण रस्ता मंजूर करतं ते शासन. विधानमंडळाचा कर्मचारी शासनाला उत्तर मागणाऱ्यांच्या बाजूला बसतो. संविधानाच्या १८७व्या अनुच्छेदात राज्याच्या विधिमंडळासाठी सचिवालयाचा वेगळा कर्मचारीवर्ग सांगितला आहे, तो याचसाठी. त्याच्या हातात ना निधी, ना मंजुरी. त्याच्या हातात असतो कागद, आणि तो कागद सगळ्यांसाठी सारखा ठेवायचा असतो.

त्या जुन्या गृहस्थांना एक हिशोब सांगा. विधानसभेत २८८ आमदार. त्यातले सिंधुदुर्गाचे तीन : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. तिथला कर्मचारी गाववाल्याचं, जातवाल्याचं, ओळखीच्याचं काम पुढे सरकवायला लागला, तर सगळ्यात आधी कोण चेपलं जाईल? ज्यांचे तीनच आमदार आहेत, तेच ना? तारांकित प्रश्नांचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांचा क्रम बॅलटनं, म्हणजे सोडतीनं लागतो. त्या बॅलटमध्ये देवगडच्या प्रश्नाला मोठ्या शहराच्या प्रश्नाइतकीच संधी मिळते, कारण टेबलामागचा माणूस कोणाचाच नसतो. गावाला काय दिलं, याचं पहिलं उत्तर मला हेच वाटतं.

आता एक प्रसंग सांगते. प्रश्न शाखेत माझे एक सहकारी होते, मालवणकडचे. आज हयात नाहीत. नव्वदच्या दशकात एका सदस्यांनी हातानं लिहून एक प्रश्न दिला होता : परराज्यातले ट्रॉलर किनाऱ्याला घासून मासळी ओढून नेतात आणि खातं झोपलेलं आहे. कागदभर संताप होता, ‘निर्लज्ज’, ‘संगनमत’, असे शब्द. नियमाप्रमाणे प्रश्नात आरोप, विशेषणं, तर्क चालत नाहीत, तो कागद सरळ अग्राह्य ठरला असता. यांनी तसं होऊ दिलं नाही. सदस्यांच्या स्वीय सहायकाला फोन केला आणि म्हणाले, शब्द काढा, तारीख घाला, बंदराचं नाव घाला, किती होड्यांची जाळी फाटली तो आकडा घाला. दोन दिवसांनी प्रश्न नेहमीच्या साच्यात आला : ‘हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ वाचायला अगदी कोरडा. पण छापील उत्तर आलं, ‘अंशतः खरे आहे.’

गुरुजी, या तीन शब्दांचं वजन बाहेरच्या माणसाला कळत नाही. ‘हे खरे नाही’ असं खात्याला लिहिता आलं नाही, कारण समोर तारीख आणि बंदर होतं. एकदा छापलं की ते कायमचं. पुढच्या निवेदनाला, पुढच्या मोर्चाला तो कागद हातात धरता येतो.

या सहकाऱ्यांचा सख्खा भाऊ रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार होता, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळलं. ऑफिसात त्यांनी कधी शब्द काढला नव्हता. आणि मला अजून आठवतं, त्याच आठवड्यात अमरावतीच्या कापसाचा एक असाच विस्कटलेला प्रश्न आला, तर त्यालाही त्यांनी तेवढाच वेळ दिला. तसाच फोन, तसंच ‘तारीख घाला, गावाचं नाव घाला.’

तुमचे गृहस्थ कोणत्या शाखेत होते ते विचारा. प्रश्न शाखेत असतील तर वर लिहिलं तेच त्यांचं आयुष्य. समिती शाखेत असतील तर आश्वासनांबद्दल विचारा. मंत्री सभागृहात ‘चौकशी करण्यात येईल’, ‘महिन्याभरात बैठक घेऊ’ असं बोलून जातात. कार्यवाहीतून ती वाक्यं वेचून काढून खात्याकडे त्यांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते, आणि समितीच्या पाठीशी टिपणं घेऊन हीच माणसं उभी असतात. विनंती अर्जांचं, म्हणजे लोकांनी सभागृहाकडे केलेल्या अर्जांचं काम केलं असेल तर अर्ज घेऊन आलेल्या किती जणांना त्यांनी सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीची वाट दाखवली, ते विचारा. ‘तुम्ही काय काय केलंत?’ असं विचारलंत तर ते गप्पच बसतील. ‘लक्षवेधी सूचना आली की तिचं पुढे काय होतं हो?’ असं विचारा. तासभर बोलतील.

मानपत्रात नागपूर विसरू नका. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन तिथे होतं, बहुधा डिसेंबरात. फायली, रजिस्टरं पेट्यांत भरून निघायची, मागोमाग आम्ही. १६० खोल्यांच्या गाळ्यांत मुक्काम, आपल्या दमट हवेतल्या माणसांना सोसवत नाही अशी थंडी, आणि कामकाज रात्री संपलं तरी दुसऱ्या दिवशीची कामकाजपत्रिका सकाळी सदस्यांच्या हातात हवीच. घरी कोण आजारी आहे, पोराची परीक्षा आहे, हे सगळं त्या दिवसांत बायकोनं एकटीनं निभावलेलं असतं. म्हणून त्यांच्या पत्नीला ओटी भरून खाली बसवू नका. खुर्ची व्यासपीठावर मांडा आणि मानपत्रात एक परिच्छेद त्यांचा लिहा.

आता काय द्यावं, ते. विधान परिषदेतून सदस्य निवृत्त होतात तेव्हा निरोपाची भाषणं होतात, आणि ती आम्हीच उतरवून घेतली. कर्मचाऱ्याचा निरोप शाखेतल्या टेबलाभोवती होतो, समोसा, पेढा, पुष्पगुच्छ. सहकारी मनापासून बोलतात, पण ते कुठे नोंदलं जात नाही. अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत दीर्घ सेवेनंतर जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या गौरवाचा रीतसर ठराव मांडतात. त्यात तो कधी लागला, कोणती पदं सांभाळली, हे तपशिलानं लिहिलेलं असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. दुसऱ्यांची भाषणं जपण्यात ज्याची उमर गेली, त्याचं नाव एकदा तरी कार्यवाहीत यावं.

ते तुमच्या गावाला करता येईल. तुमच्याकडे ग्रामसभा आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घ्या. नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विषय लेखी द्या, नाहीतर ऐन वेळच्या विषयांत तो घाईनं उरकला जाईल. ठरावात विशेषणं नकोत. रुजू झाल्याची तारीख, पदं, शाखा, नागपूरची किती अधिवेशनं, निवृत्तीची तारीख. आणि एक वाक्य असं : ‘सेवाकाळात त्यांनी स्वतःच्या गावासाठी कोणतीही सवलत मागितली नाही, याबद्दल ही ग्रामसभा त्यांचे आभार मानते.’ हे मात्र त्यांच्याशी बोलून, खरं असल्याची खात्री करूनच लिहा. ठराव इतिवृत्तात रीतसर नोंदवा, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह. सत्काराच्या दिवशी त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत त्यांच्या हातात द्या. शालीची घडी कपाटात जाईल, ही प्रत ते पुन्हा पुन्हा वाचतील.

सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक म्हणून त्या जुन्या गृहस्थांकडे जा, ज्यांनी बैठकीत प्रश्न विचारला. त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांना २८८ आणि तीनचा हिशोब सांगा, ट्रॉलरची गोष्ट सांगा, वाटलं तर हे उत्तर वाचून दाखवा. ते कबूल झाले तर ठरावावर त्यांचं नाव नीट लिहून घ्या, वडिलांच्या नावासकट.