छावणीतलं बाळ आणि मदतीचा टेम्पो

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत शिरलं आणि लेकुरवाळ्या बाया शाळांच्या वर्गांत राहायला आल्या. सोलापुरातून टेम्पो भरभरून मदत गेली. तेव्हापासून पावसाळ्याचं नाव निघालं की मंडळं आणि बचत गट मला तेच तेच प्रश्न विचारतात. मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून उत्तरं लहान मुलांपुरतीच देते.

लहान मुलांचे जुने कपडे पाठवू का?

धुतलेले, कोरडे आणि वयाप्रमाणे बांधलेले असतील तर पाठवा, पण आधी गावात फोन करून गरज विचारा.

आमच्या मंडळाने प्रत्येक किटमध्ये बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटली घालायचं ठरवलंय. कोणत्या कंपनीची घ्यावी?

कोणत्याच नाही. १९९२च्या कायद्यानुसार तान्ह्या बाळाची दूधपावडर आणि बाटल्या दान करायला मनाई आहे, अपवाद फक्त अनाथालयाचा. त्यामागे कारण आहे. पावडर कालवायला पाणी लागतं, आणि पुरात तेच गढूळ असतं. बाटली उकळायला चूल नसते. फुकटचा डबा दिसला की आई अंगावर कमी पाजते, मूल कमी ओढतं, तसं दूध खरंच आटतं. आठवड्याने डबा संपतो. तेव्हा त्या बाईने काय करायचं? इंडोनेशियात २००६च्या भूकंपानंतर पाहणी झाली, तेव्हा दानाची पावडर मिळालेल्या बाळांत जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं.

‘धसक्याने दूध आटतं’ हे वाक्य छावणीत माझ्या कानावर रोज पडतं. धसक्याने पान्हा थोडा वेळ अडतो, दूध बनणं थांबत नाही. बाळाला वरचेवर छातीशी लावलं की पान्हा परत येतो. तेव्हा तुमच्या पैशांतून आईला द्या: पोटभर जेवण, स्वच्छ पाणी आणि आडोसा. वर्गाच्या कोपऱ्यात दोरी बांधून दोन सोलापुरी चादरी टाकल्या तरी ती निवांत पाजू शकते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते, ती आईसाठी पाठवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणी नाही, मध नाही, घुटीही नाही.

एखाद्या बाळाची आई नसेल किंवा गंभीर आजारी असेल, तर वरचं दूध द्यायचं की नाही हे त्या बाळाला तपासून डॉक्टर ठरवतील. तेव्हाही वाटी-चमच्यानेच पाजायचं.

दुकानदार म्हणतो, जुलाबावर पुड्यांपेक्षा तयार खोक्यातलं ओआरएस सोयीचं. खरं का?

सोयीचं त्याला. अशा बऱ्याच खोक्यांत साखरपाणी असतं, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, ती उगीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण छापलेली पुडीच घ्या आणि मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात कालवा. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. सोबत झिंक १४ दिवस; बाळाच्या वयाप्रमाणे मात्रा आरोग्यसेविकेला विचारा.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की पाणी लगेच प्यायला चालतं का?

नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, मग टीसीएल, मग किमान अर्धा तास थांबा. पोतं बरेच दिवस उघडं राहिलं असेल तर पावडरचा जोर गेलेला असतो. मात्रा ठरवायला आणि ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन पुरेसं उरलंय का ती) करायला ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा.

आठ महिन्यांच्या नातवाला दोन दिवस जुलाब होतायत. शेजारच्या आजी म्हणतात, दात येतायत. थांबू का?

थांबू नका. दातांनी असे जुलाब होत नाहीत, आणि या एका समजुतीपायी मुलं माझ्याकडे फार उशिरा येतात. आजच छावणीतल्या वैद्यकीय पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तोवर अंगावर पाजणं आणि ओआरएस चालू ठेवा. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, सहा तास लघवी नाही, शीमधून रक्त आलं किंवा प्यालेलं सगळं उलटून पडतंय, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन लावा, मध्यरात्र असली तरी.