हात जांघेला तीन आठवडे का जोडून ठेवतात?

दादा, गुऱ्हाळाच्या चरकात सापडून वडिलांच्या हाताची वरची कातडी गेली, टेंडन (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) उघडे पडले, आणि डॉक्टर हात जांघेला जोडू म्हणतात. मांडीची कातडी लावून भागणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात २२ वर्षं स्टाफ नर्स होते. गाळपाच्या दिवसांत खानापूर, चिकोडी, अथणीकडून असे हात दर साल यायचे.

नुसत्या लावलेल्या कातडीला स्वतःचं रक्त नसतं. खाली मांस असलं तर ती त्यातून रक्त घेऊन जगते. उघड्या टेंडनवर, हाडावर घेणार कुठून? काळी पडून सुटते. म्हणून जांघेची कातडी चरबीसकट उचलतात, पण एका बाजूनं देठ ठेवतात, म्हणजे ती बाजू जांघेला जोडलेलीच राहते, आणि तशीच ती हातावर शिवतात. या देठाच्या कातडीलाच फ्लॅप म्हणतात. देठातून तिचं रक्त चालू राहतं. साधारण तीन आठवड्यांत हाताकडच्या बारीक वाहिन्या तिच्यात शिरतात, मग देठ कापतात. युक्ती जुनीच आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या मराठी गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नाक अशाच देठावर बसवलं, त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात आली. जांघेचा फ्लॅप मात्र १९७२ चा, मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी मांडलेला.

आता तुमचं काम. पहिले दोन-तीन दिवस फ्लॅपकडे सारखं बघायचं. एका रात्री एक म्हातारबाबा झोपेत कुशीवर वळले, देठ पिरगळला, फ्लॅप जांभळा आणि तट्ट. कोपर उचलून खाली उशी सरकवली, तसा हळूहळू गुलाबी झाला. अजून उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. जांभळा म्हणजे रक्त परत जात नाही. पांढरा-थंडगार म्हणजे येतच नाही. दोन्हीत सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी सिस्टरांना उठवा.

तंबाखू पूर्ण बंद. विडी, मिश्री, सगळंच. निपाणीकडच्या माणसाला हे जड जातं, मला माहीत आहे, पण निकोटीननं वाहिन्या आखडतात. शर्ट पुढून उघडणारा घाला, लघवीला नेताना एकानं कोपर धरा. डॉक्टर सांगतील तेवढी बोटं आणि खांदा रोज हलवा, नाहीतर खांदा धरतो.

देठ कापल्यावर फ्लॅप फुगीर दिसेल, तो पुढे पातळ करता येतो. आणि तिथं बरेच महिने चटका कळत नाही. चहाचा पेला दुसऱ्याच हातात द्या.