काळा रंग बोटाला लागत असेल तर आधी शाई ओळखा, कागद नंतर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: कॅनन जी३००० या शाईच्या टाक्यांच्या प्रिंटरवर १८० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला १८० ग्रॅम) स्वस्त ग्लॉसी कागदावर ४×६ इंची फोटो काढले की केस आणि काळे कपडे बोट फिरवताच पुसले जातात. मग कागद महागातला घ्यावा का, आणि रिफिलवाल्याकडची शंभर मिलीची स्वस्त शाई भरावी का?

कागद बदलायच्या आधी सेटिंग बघा, कारण हे लक्षण जवळजवळ नेहमी सेटिंगचंच असतं. या प्रिंटरच्या चार बाटल्यांमध्ये दोन जातींच्या शाया आहेत. निळी, किरमिजी आणि पिवळी या डाय शाया, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला. काळी मात्र पिगमेंट, म्हणजे रंगाचे बारीक कण नुसते तरंगत असतात. डाय कागदावरच्या कोटिंगमध्ये, म्हणजे लेपात, मुरते. पिगमेंटचे कण चकचकीत कोटिंगच्या वरच बसून राहतात, आणि बोटाला लागतात ते हेच. कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’ राहिला असेल तर प्रिंटर काळ्यासाठी ही पिगमेंट शाई वापरतो. ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडलं की काळी बाटली बाजूला राहते आणि तीन रंग मिसळून काळा तयार होतो. मोबाइलच्या गॅलरीतून थेट प्रिंट दिली की कागदाचा प्रकार विचारलाच जात नाही असं बरेचदा होतं. म्हणून कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा कॉम्प्युटरवरून छापा, प्रकार हाताने निवडा आणि क्वालिटी ‘हाय’ ठेवा. त्याच कागदावर एक फोटो पुन्हा काढून पाहा.

याचीच दुसरी बाजू अशी की तीन रंगांतून बनलेला काळा पूर्ण तटस्थ नसतो. कृष्णधवल फोटोत हिरवट किंवा तांबूस झाक दिसते. असे फोटो जाड मॅट कागदावर ‘मॅट फोटो पेपर’ निवडून काढून बघा.

प्रिंटर वेगळा असेल तर शाई ओळखायला सोपा उपाय आहे. साध्या कागदावर चारही रंगांच्या पट्ट्या छापा, तासाभराने एकेक थेंब पाणी टाका. पसरली ती डाय, जागची हलली नाही ती पिगमेंट.

आता कागद. पाकिटावरचा जीएसएमचा आकडा फक्त वजन सांगतो, दर्जा नाही. खरा फरक कोटिंगचा. स्वस्तातला १३० ते २३० जीएसएमचा ग्लॉसी बहुतेक कास्ट कोटेड असतो: साध्या कागदावर एका बाजूने चमकदार थर. डाय शाई त्यावर चांगली उमटते. पण मागची बाजू उघडा कागदच असल्याने तो ओल धरतो, गडद भागात भरपूर शाई पडली की लाटा येतात. दुसरा आरसी, म्हणजे रेझिन कोटेड. यात कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि वर शाई शोषणारं सूक्ष्म छिद्रांचं कोटिंग. साधारण २६० ते २७० जीएसएम, हाताला स्टुडिओतल्या फोटोसारखा लागतो, लाटा येत नाहीत. अल्बमसाठी आरसी घ्या. शाळेचे प्रोजेक्ट, पासपोर्ट फोटो, भिंतीवरचे तक्ते यांना कास्ट कोटेड पुरतो. छापायची बाजू कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा, चिकटते ती कोटिंगची. जी३००० मध्ये ती तुमच्याकडे तोंड करून ठेवायची.

ए-४ कापून ४×६ करायचा बेत असेल तर आधी मोजा. दोन ओळींत मांडलेल्या चार फोटोंना सुमारे ३०.५ सेंमी लांबी लागते आणि ए-४ असतो २९.७. पूर्ण मापाचे तीनच बसतात. त्यामुळे ४×६ चं तयार पाकीट बहुधा महाग पडत नाही. पासपोर्टचे ३.५×४.५ सेंमीचे आठ फोटो मात्र एका ४×६ वर नीट बसतात.

शाईचा हिशेब असा करा. कडेपर्यंत भरलेल्या ४×६ ला ढोबळमानाने जास्तीत जास्त अर्धा मिली शाई धरायची. तुमच्या मूळ शाईची रंगीत बाटली ७० मिलीची. ती ५०० रुपयांना धरली तर फोटोमागे साडेतीन रुपये. बाहेरची १०० मिलीची बाटली १५० ला धरली तर पाऊण रुपया. वाचतात जास्तीत जास्त पावणेतीन रुपये, म्हणजे शंभर फोटोंमागे पावणेतीनशे. तुमच्याकडच्या खऱ्या किमती घालून आकडे काढा.

एवढ्यासाठी अल्बमचे फोटो बाहेरच्या शाईवर काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रायव्हरमधलं, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं, रंगांचं गणित मूळ शाईसाठी जुळवलेलं असतं. शाई बदलली की चेहरे लालसर किंवा हिरवट होतात, मग प्रत्येक फोटो हाताने सुधारत बसावं लागतं. टिकाऊपणाचाही भरवसा राहत नाही. तरीही भरायचीच असेल तर वॉरंटी संपू द्या, तिन्ही रंग एकाच कंपनीचे घ्या, आणि ‘युनिव्हर्सल’ काळी या प्रिंटरच्या काळ्या टाकीत अजिबात ओतू नका. ती बहुतेक डाय असते. पिगमेंटमध्ये मिसळली तर गाळ धरून हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, तुंबू शकतं, आणि साध्या कागदावरची अक्षरंही पाण्याने फुटू लागतात. टाकी कोणत्याही शाईची असो, खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की वारंवार डीप क्लीनिंग, म्हणजे शाई ढकलून हेड साफ करणं, करावं लागतं, आणि त्यात वाया जाणारी शाई वरची सगळी बचत खाऊन टाकते. आठवड्यातून एक रंगीत पान छापलं तर नोझल (हेडची बारीक छिद्रं) सुकत नाहीत.

हा ग्लॉसी फोटो कागद घरातल्या लेझर प्रिंटरमध्ये चुकूनही घालू नका. तिथल्या गरम रोलरवर कोटिंग वितळून चिकटतं आणि फ्यूझर, म्हणजे तो गरम रोलरचा भागच, बदलायची वेळ येते.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात उघडं पाकीट आठ-पंधरा दिवसांत ओलावतं. कडा उचलतात, हेड त्यांना घासतं आणि कडेला काळे डाग पडतात. लागतील तेवढेच कागद काढा, बाकीचे सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत आडवे ठेवा. छापलेला फोटो हाताला लगेच कोरडा लागला तरी शाईतले मंद उडणारे द्रव आत असतात. पंधरा-वीस मिनिटं उघडा ठेवून वर साधा कागद टाका आणि २४ तासांनीच फ्रेम किंवा अल्बममध्ये घाला. पावसात दोन दिवस थांबा. घाई केली तर काचेच्या आतून धुकं धरतं.

आरसीचं छिद्रांचं कोटिंग हवेला उघडं राहतं, त्यामुळे उन्हाशिवायही हवेतल्या ओझोनने डायचे रंग उडतात. नुसता भिंतीला चिकटवलेला फोटो काही महिन्यांत फिका पडू शकतो. काचेखाली ठेवा, पण काच फोटोला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी हवी. अल्बम पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांचा घ्या, चिकट पानांचा नको.