अकरावीला एपी विषय किती घ्यावेत?

प्रश्न : लेक कॅलिफोर्नियातल्या सरकारी हायस्कूलमध्ये दहावीत आहे. यंदा केमिस्ट्री, अल्जेब्रा २ आणि एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) वर्ल्ड हिस्टरी चालू आहे. तिला यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) इंजिनिअरिंगला जायचंय. मैत्रिणी पुढच्या वर्षी पाच-पाच एपी घेताहेत. तिनं किती घ्यावेत? फिजिक्स अवघड वाटतं, त्याऐवजी एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स चालेल का?
— एक आई, फ्रीमाँट

उत्तर : आधी यूसीचा हिशोब पाहा. जीपीए (ग्रेडची सरासरी) दहावी-अकरावीच्या आणि त्या आगेमागेच्या उन्हाळ्यांतल्या ए-टू-जी (यूसीला प्रवेशासाठी लागणाऱ्या) विषयांवर निघतो. एपीमध्ये सी किंवा वरची ग्रेड मिळाली की दर सेमिस्टरला एक जादा गुण मिळतो, पण फक्त ८ सेमिस्टरपर्यंत, आणि त्यांतली दहावीची ४ पेक्षा जास्त नाहीत. एका विषयाची दोन सेमिस्टर, म्हणून लेकीची २ यंदा होतील. अकरावीत तीन एपी घेतले की आणखी ६ होतात, कोटा भरला.

दोन वर्षांत सहा-सहा विषय धरले तर २४ सेमिस्टर. ए चे ४ आणि बी चे ३ गुण. सगळीकडे ए असेल तर ९६ अधिक ८, म्हणजे १०४ भागिले २४, म्हणजे ४.३३. चौथा एपी घेऊन त्यात दोन्ही सेमिस्टरला बी आली, तर १०२ भागिले २४, म्हणजे ४.२५. जादा गुण नाही, उलट घट. चौथा एपी अगदी वाया जातो असं नाही. अर्ज वाचणारे अवघड विषयांची संख्याही बघतात. पण ए टिकणार असेल तरच घ्यावा. मैत्रिणींची यादी हा निकष नव्हेच.

फिजिक्स सोडू नका. इंजिनिअरिंगच्या अर्जात एन्व्हायर्नमेंटल सायन्स त्याची जागा भरून काढत नाही. एपी फिजिक्स १ ला कॅल्क्युलस लागत नाही, अल्जेब्रा आणि थोडी त्रिकोणमिती पुरते. मुलं अडतात ती सूत्रं पाठ करून गेल्यामुळे. पेपरात आलेख वाचून ‘असं का घडलं’ हे वाक्यांत लिहावं लागतं. उन्हाळ्यात बलांच्या आकृत्या काढायचा सराव करून घ्या.

आमच्या मते अकरावीत एपी फिजिक्स १, एपी इंग्लिश लँग्वेज आणि एपी कॉम्प्युटर सायन्स ए घ्यावं, गणितात प्रीकॅल्क्युलस आणि यूएस हिस्टरी साधी. बारावीत कॅल्क्युलस हवंच. शाळा प्रीकॅल्क्युलसनंतर थेट बीसीला (एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन विषयांतला जास्त अभ्यासक्रमाचा) बसू देत असेल आणि तिची ग्रेड भक्कम असेल तर बीसी घ्यावं. त्या परीक्षेत एबीचा वेगळा गुणही कळतो. स्टॅटिस्टिक्स चांगला विषय आहे, पण इथे कॅल्क्युलसच्या जोडीला, बदली नव्हे.

प्रश्न : एपीची परीक्षा दिली नाही तर जादा गुण जातो का? आणि अर्ज केल्यावर बारावीतला एखादा एपी सोडता येतो?

उत्तर : जादा गुण वर्गातल्या ग्रेडवर मिळतो, मे महिन्यातल्या परीक्षेवर नाही. परीक्षेत ३ किंवा जास्त आले तर यूसी क्रेडिट देते. ते इंजिनिअरिंगच्या कोणत्या विषयाला लागू पडेल हे मात्र कॅम्पसनुसार बदलतं. वर्षभराच्या विषयाची परीक्षा-नोंदणी नोव्हेंबरातच करावी लागते, मे जवळ आल्यावर नाही.

विषय सोडलात तर यूसीला लगेच कळवायला हवं. प्रवेश सशर्त असतो आणि अर्जात लिहिलेले बारावीचे विषय त्या अटीत धरलेले असतात. न कळवता सोडलेला विषय शेवटच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये (शाळेच्या गुणपत्रकात) दिसतोच आणि प्रवेश रद्द होऊ शकतो. म्हणून काउन्सेलरशी बोलणं विषय सोडायच्या आधी करा.