सप्टेंबरातल्या सोनुबाई

पोरी, अनेक आशीर्वाद.

शनिवारी मंडळाच्या विसर्जनाला आरती चालू असताना तू ताम्हणाआड फोन धरून बेसबॉलचा स्कोअर बघत होतीस. तुझ्या काकूने ते पाहिलं आणि मला कोपराने ढोसलं, "तुमच्यावरच गेलीय." रात्री साडेअकराला तुझ्या फँटसी बेसबॉल लीगचा स्क्रीनशॉट आला, मागोमाग पावणेतीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. दोनदा ऐकला. त्यात "पण काका, बरं नाही ना वाटत" हे वाक्य चारदा आहे. त्याला फोनवर उत्तर देणं मला जमायचं नाही, म्हणून लिहितोय.

धीर सोडू नकोस वगैरे सांगत बसत नाही. खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर खेळायच्या या लीगमध्ये एप्रिलपासून रोज न चुकता लाइनअप लावणाऱ्या आणि बारा जणांत तिसऱ्या नंबरावर असलेल्या पोरीला ते कशाला सांगायचं? तुझं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. तुझा पहिल्या फेरीत निवडलेला हिरो बारा दिवस होमरनशिवाय कोरडा आहे. त्याला बेंचवर बसवावं हे डोक्याला कळतं, पण हात धजत नाही. त्यात ऑफिसातल्या कुणीतरी तुला जुन्या काळच्या दिग्गजाची, टेड विल्यम्सची गोष्ट ऐकवली आणि सांगितलं की खरा खेळाडू शेवटच्या दिवशी बसत नाही. विल्यम्सकडे नंतर येतो. आधी तुझा तक्ता.

तू गुण बघतेस: तुझे ८१.५, पहिल्याचे ८८. मग सहा-साडेसहा गुण कुठून आणायचे म्हणून छाती दडपते. गुण बघूच नकोस. गुण मिळतात ते प्रत्येक कॅटेगरीतल्या नंबरावरून, एक माणूस ओलांडला की एक गुण. म्हणून एकेका कॅटेगरीत तुझ्या लगेच वरचा आणि लगेच खालचा किती लांब आहे, तेवढंच बघ. होमरन तुझे २५१, वरच्याचे २६८, खालच्याचे २२९. तीन आठवड्यांत सतरा होमरन भरून निघत नाहीत आणि बावीस कुणी ओलांडून येत नाही. ती कॅटेगरी बंद झाली. कुलूप लाव आणि विसर. ॲव्हरेज .२५८, वर .२६४, खाली .२५१. तुझे साडेपाच हजार ॲट-बॅट, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या, झालेत. अख्खा संघ आठवडाभर .२९० ने पेटला तरी तुझा आकडा दीड हजारांशाने हलेल. तेही बंद. ईआरए, म्हणजे पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, ३.६८, वर ३.५२, खाली ३.९१. साडेबाराशे इनिंग टाकून झाल्यावर कुणी नऊ इनिंगचा शटआउट दिला, म्हणजे एकही धाव दिली नाही, तरी तीन शतांशाचा फरक. बंद. व्हिपचं, म्हणजे एका इनिंगमागे दिलेल्या हिट आणि वॉकचं (फुकटच्या बेसचं), तसंच.

आता स्टील, म्हणजे चोरलेले बेस, बघ. तू ११८. वर १२०, १२१, १२१, १२४. खालचा थेट १०३ वर. चार माणसं एका खिडकीत दाटीवाटीने उभी आहेत आणि तू खिडकीखाली. त्यांच्यापेक्षा सात बेस जास्त चोरलेस की चार गुण. शिवाय त्या चौघांत पहिल्या नंबरवाला स्वतः आहे. तू त्याला ओलांडलंस की तुझा एक वाढतो आणि त्याचा एक जातो. विन्समध्ये, म्हणजे पिचरच्या नावावर लागणाऱ्या विजयांत, तू ७१, वर ७२ आणि ७३. आणखी दोन. बेरीज तूच कर.

फट बघ, नाव बघू नकोस. या पत्रात मी एवढंच सांगणार आहे आणि तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे.

तुझा तो हिरो ज्या तीन कॅटेगरींत तुला मदत करतो, त्यातल्या दोन आता बंद आहेत. ऑक्टोबरात त्याच्या नावाचे टी-शर्ट खपतील, पण तुझ्या तक्त्यात तो सध्या जागा अडवून बसलाय. आपल्याकडे म्हणतात ना, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. सप्टेंबरात प्रत्येक संघात अशा दोन-तीन सोनुबाई निघतात. त्याच्या जागी तू पाठवलेल्या यादीतला तो पळणारा पोरगा घे. .२२० ने मारतो म्हणून नाक मुरडू नकोस, ॲव्हरेज बंद आहे हे आत्ताच ठरलं ना आपलं? मग त्याने .२२० मारलं काय आणि .१२० मारलं काय.

ओकलंडच्या संघाने १९७४ साली हर्ब वॉशिंग्टन नावाचा धावपटू केवळ पळण्यासाठी संघात ठेवला होता. दोन मोसमांत १०५ सामने खेळला, ३१ बेस चोरले, ३३ धावा केल्या, आणि बॅट घेऊन प्लेटवर एकदाही उभा राहिला नाही. एकदाही. लोक हसले. मला तो माणूस फार आवडतो. फटीच्या मापाचा माणूस. आता तर पळणाऱ्यांची चंगळ आहे. २०२३ मध्ये बेस पंधरा इंचांचे अठरा इंच केले आणि पिचरने पळणाऱ्याकडे बॉल फेकण्यावर मर्यादा आणली, तर आदल्या वर्षीचे २,४८६ स्टील एकदम ३,५०३ झाले. तुझ्या आजीच्या भाषेत, ओट्यावर ठेवलेलं दूध.

पिचर. तुझा तो मोठा एस, म्हणजे पहिल्या नंबरचा पिचर, प्लेऑफला (ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांना) निघालेल्या संघात आहे. त्याच्या मॅनेजरला तुझ्या विन्सचं काय सोयरसुतक? ऑक्टोबरसाठी तो त्याला चार इनिंगनंतर उठवील, आणि सामना सुरू करणाऱ्या पिचरने पाच इनिंग टाकल्याशिवाय विन मिळत नाही. २०१२ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या संघाने त्यांच्या पिचरला, स्टीफन स्ट्रासबर्गला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात १५९ इनिंगवर थांबवलं. कोपराचं ऑपरेशन झालेला पोरगा, जपायला हवा म्हणून. आणि संघ तेव्हा पहिल्या नंबरावर होता! २०२४ मध्ये ख्रिस सेलने विन्स, ईआरए आणि स्ट्राइकआउट, तिन्हींत नॅशनल लीगमध्ये पहिला नंबर पटकावला, आणि त्याच्या अटलांटा संघाला शेवटच्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज असताना पाठ धरली. आला नाही. त्याची काय चूक? चूक त्याच्या नावावर सगळा डाव लावणाऱ्याची. तू विन्ससाठी असे पिचर शोध ज्यांचे संघ अजून झुंजतायत आणि समोर हरणारे संघ आहेत. एरवी डेन्व्हरच्या त्या मैलभर उंचीवरच्या मैदानात पिचर लावलास तर मी तुला घरात घेतलं नसतं. तिथे बॉल हवेत उडतच राहतो. पण ईआरए बंद आहे आणि तिथल्या रॉकीज संघाच्या पराभवांची २०२५ मध्ये शंभरी भरलीय. बिनधास्त लाव. लीगच्या १४०० इनिंगच्या मर्यादेतल्या दीडशे इनिंग उरल्यात, त्या जपून ठेवून लोणचं घालणार आहेस का?

आता तुझं "बरं नाही वाटत".

२८ सप्टेंबर २०११. बुधवार, घटस्थापना. ऑफिसात मी सांगितलं, घरी घट बसायचेत. घरी सांगितलं, अर्धा दिवस ऑफिस आहे. आणि सात नंबरची ट्रेन पकडून न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड मैदानावर गेलो. मेट्सचा शेवटचा सामना होता आणि त्यांचा होजे रेयेस बॅटिंग टायटलच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वांत जास्त ॲव्हरेजच्या, शर्यतीत मिल्वॉकीच्या रायन ब्रॉनच्या केसभर पुढे होता. पहिल्याच इनिंगला रेयेसने तिसऱ्या बेसच्या रेषेवर बंट टाकला, म्हणजे बॉलला बॅट नुसती टेकवली, पळत पहिला बेस गाठला, आणि मॅनेजरने त्याला बाहेर काढलं. त्यानेच तसं मागितलं होतं. .३३७ वर आकडा गोठवून माणूस डगआउटमध्ये जाऊन बसला. लोकांनी हुर्यो उडवली. मीही उडवली, तोंडात शेंगदाणे असताना. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मी इंग्रजीत ऐकवलं की असला टायटल मला नको. रात्री ब्रॉन चारपैकी शून्य, .३३२. मेट्सच्या इतिहासातला पहिला बॅटिंग टायटल रेयेसच्या नावे लागला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा पहिली माळ लागली होती. काकू खिचडीला फोडणी घालत होती आणि मी ओट्यावर लॅपटॉप उघडून उभा. आमच्या लीगमध्ये मी अर्ध्या गुणाने पहिला होतो आणि सीझनची एकच रात्र उरली होती. माझे क्लोझर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून आघाडी राखणारे पिचर, कोण? जोनाथन पॅपलबॉन आणि क्रेग किंब्रेल. सेव्हमध्ये, म्हणजे अशा राखलेल्या सामन्यांत, वरचा माझ्या नऊ पुढे, खालचा सहा मागे. एका रात्रीत ना चढणं, ना घसरणं. कुलूप. आणि व्हिप? मी १.२१४, खालचा १.२१६. अख्ख्या तक्त्यात तेवढी एक फट उघडी, तीही माझ्या पायाखाली. शेंबडं पोरही सांगेल की दोघांना बसव आणि जेवायला चल.

सातला पाच मिनिटं कमी. माऊस पॅपलबॉनवर. मी स्वतःशी म्हणालो, याला बसवायचं? किंब्रेल तर ४६ सेव्ह करून बसलेला पहिल्या वर्षाचा रूकी. याला? दुपारी रेयेसची हुर्यो उडवून आलेला माणूस मी, कोणत्या तोंडाने बसवणार! लॅपटॉप मिटला आणि आरतीला गेलो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. किंब्रेलने नवव्या इनिंगला वॉकवर वॉक देऊन सेव्ह घालवली. बाल्टिमोरला पावसाने खेळ थांबला होता. तिथे मध्यरात्रीच्या सुमारास बोस्टनच्या पॅपलबॉनने दोन जण बाद केले आणि नंतर ओळीने तीन हिट खाल्ल्या. बारा वाजून दोन मिनिटांनी बोस्टन हरलं, पाचव्या मिनिटाला टँपाच्या लोंगोरियाने होमरन मारून प्लेऑफची जागा हिसकावली आणि बोस्टनला घरी पाठवलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला नऊ सामन्यांची आघाडी असलेला संघ! अख्खी अमेरिका सोफ्यावर उड्या मारत होती, आजही त्या रात्रीच्या आठवणी काढतात. मी अखंड दिव्यात तेल घालायला उठलो आणि पुन्हा आकडा बघितला. १.२१८. व्हिपचा एक गुण गेला. लीग अर्ध्या गुणाने गेली.

दोष त्या दोघांचा नव्हे, बरं का. त्यांना माझ्या व्हिपचं काय माहीत? हा व्हिप नावाचा आकडाच मुळी डॅनियल ओक्रेंटने काढला, आपला हा सगळा खेळ १९८० मध्ये सुरू करणाऱ्याने. आणि त्याला स्वतःला स्वतःची लीग कधी जिंकता आली नाही. त्या रात्री मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

रेयेसला त्याची फट दिसली होती. मी दुपारभर ती उघड्या डोळ्यांनी बघत होतो आणि हुर्यो उडवत होतो.

आता विल्यम्स. योगायोग बघ, तोही २८ सप्टेंबरच, १९४१. सकाळी त्याचं ॲव्हरेज .३९९५५, म्हणजे बसून राहिला असता तर .४०० लिहिलं गेलं असतं. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला, आठात सहा हिट, .४०६. डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट आहे, मान्य. पण विल्यम्स स्वतःची बॅट स्वतः धरून उभा होता. तू कुणाची बॅट धरलीयस? तू लाइनअप लावतेस. त्याची मर्दुमकी उसनी आणून तुझ्या तक्त्यावर का मिरवायची? आठात एक मारला असता तर तुझ्या ऑफिसातल्या शहाण्याने ही गोष्ट कधी सांगितली असती का?

२०१४ साली मी शेवटचे तीन दिवस सगळे पिचर बसवले. सगळे. ईआरए आणि व्हिप दोन्हींत मी काठावर होतो आणि स्ट्राइकआउट बंद होते. जिंकलो. बक्षीस देताना एकाने माइकवर म्हटलं, "आमचे पळपुटे चॅम्पियन." लोक हसले, मीही हसलो. गाडीत काकूला म्हणालो, बेंच मग ठेवलाय कशाला? शोभेला? नियमात आहे, लाइनअपच्या खालीच आहे, त्यावर माणूस ठेवणं हीही एक चाल आहे. बुद्धिबळात वजीर मागे घेतला तर कुणी हसतं का? काकू म्हणाली, टोल आला, सुट्टे काढा. इतकी वर्षं झाली, अजून अंघोळ करताना मी त्या माणसाला उत्तरं देत असतो. २०११ ला बसवले असते तर २०१४ ला मी इतका इरेला पेटलोच नसतो, हेही खरं असेल. पण म्हणून बसवणं चुकीचं ठरत नाही. मुळीच ठरत नाही.

असो. पत्र तुझं आहे.

सेव्हमध्ये तू ५८, खाली ५७ आणि ५५. तिथली फट खालून उघडी आहे, त्याकडे तुझं लक्षच नाही, कारण तुझा क्लोझर कुणा प्रसिद्ध संघाचा नाही आणि तो तुला कंटाळवाणा वाटतो. त्याला हात लावू नकोस. गुरुवारी निम्मे संघ प्रवासात असतात, तेव्हा रिकाम्या जागा भर. तुझ्या लीगमधले पाच जण सप्टेंबरात गुरुवारी बघतही नाहीत. शेवटच्या रविवारी सगळे सामने दुपारी तीनच्या सुमारास एकदमच सुरू होतात. आधीचा निकाल बघून नंतरचा माणूस हलवायची सोय नाही. तीनच्या आत ठरव.

हिरोला टाकू नकोस, बसव. टाकलास तर पहिल्या नंबरवाला उचलेल.

तो पळणारा पोरगा तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये तरी अजून मोकळा होता. बोलीच्या शंभरातले तुझे अकरा डॉलर उरलेत. बुधवारी रात्री वेव्हरच्या, म्हणजे मोकळ्या खेळाडूंवरच्या बोलीच्या, आधी त्याच्यावर सात लाव. तीन लावून वाचवायला जाशील, मी ओळखतो तुला. सात. उरलेले चार शेवटच्या आठवड्यात सेव्हसाठी लागतील.

तुझा,
काका