मॉर्फिन रोज दिलं तर उंदरावरचा असर घटतो की वाढतो?

तुम्ही विचारलंय की, तेच औषध पुन्हा पुन्हा दिल्यावर काही प्राण्यांवर असर कमी होतो आणि काहींवर वाढतो, तर रिसेप्टर (पेशीवरची औषध जिथे बसतं ती प्रथिनं) नेमकं काय करतात? मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि माझं पहिलं सांगणं हेच असतं की यासाठी दोन वेगळे प्राणी लागत नाहीत. एकाच उंदरात दोन्ही घडतं.

मॉर्फिन दिलेला उंदीर ५५ अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवला की पाय चाटायला उशीर लावतो, कारण वेदना कमी जाणवते. रोज तेच चालू ठेवलं की हा उशीर घटत जातो. ही टॉलरन्स. पण त्याच काळात, पहिल्या जड डोसनंतर सुस्त पडून राहणारा रॅट (प्रयोगशाळेतला मोठा उंदीर) पुढे पुढे तेवढ्याच डोसवर पिंजरा पालथा घालू लागतो. हे सेन्सिटायझेशन.

मॉर्फिन बसतं ते म्यू रिसेप्टरवर. तो सतत चेतवला गेला की पेशी त्याला फॉस्फेट जोडते, त्यावर बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि पुढचा संदेश थांबतो. २००० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांच्यात हॉट प्लेटवरची टॉलरन्स आली नाही, पण नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा असर तोडणारं औषध) देताच विथड्रॉअलची, म्हणजे औषध तुटल्यावरच्या त्रासाची, लक्षणं दिसलीच! म्हणजे औषधाची सवय होणं आणि त्यावर अवलंबून राहणं यांचे मार्गही निराळे.

धावपळ वाढते ती मध्यमेंदूमुळे. तिथे म्यू रिसेप्टर गाबा पेशींवर, म्हणजे इतर पेशींना आवरणाऱ्या पेशींवर, असतात. मॉर्फिनमुळे त्या गप्प झाल्या की हालचालीला चालना देणाऱ्या डोपामिन पेशींवरचा लगाम सुटतो, आणि हे वारंवार घडल्यावर त्या डोपामिन पेशींवरची ग्लुटामेटची (पेशींना चेतवणाऱ्या रसायनाची) जोडणी घट्ट होते. गंमत म्हणजे, ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर, जो शिकण्यात महत्त्वाचा असतो, तो एमके-८०१ या औषधाने अडवला तर रॅटमध्ये मॉर्फिनची टॉलरन्सही रोखली जाते (१९९१) आणि सेन्सिटायझेशनही. म्हणून मला दोन्हींच्या मुळाशी एक प्रकारचं शिकणंच दिसतं. अर्थात एमके-८०१ स्वतःच प्राण्याची हालचाल बिघडवतं, त्यामुळे या प्रयोगांचे अर्थ जपून लावावे लागतात.

शिकण्याचा सगळ्यात ठळक पुरावा कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांचा, १९८२चा. हेरॉइनला सरावलेल्या रॅटना मोठा डोस नेहमीच्या खोलीत दिला तेव्हा ३२ टक्के मेले. तोच डोस अनोळखी खोलीत दिला तेव्हा ६४ टक्के. म्हणजे सवय औषधाइतकीच खोलीशीही जोडली गेली होती.