'त्या' जागेचं ऑपरेशन, घरी काय सांगू?

"मॅडम, ऑपरेशनला मी तयार आहे हो. पण घरी सांगू काय?" योनीमुखाच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ज्या बायकांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवतात, त्यांचं बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. सुनंदाताईंचंही तसंच झालं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय पंचेचाळिशीचं, घरी ब्लाउज शिवण्याचं काम, यजमान एसटीत ड्रायव्हर. खाज दोन वर्षांची. मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आणायची, चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा एका बाजूला पांढुरका, किंचित उंच चट्टा दिसला. जागा बधिर करून तुकडा काढला. रिपोर्टमध्ये आलं व्हीआयएन, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी बदलल्यात, पण खाली उतरलेल्या नाहीत. हा कॅन्सर नव्हे. तसंच सोडलं तर काहींमध्ये पुढे तो होऊ शकतो, म्हणून कडेच्या थोड्या निरोगी त्वचेसह चट्टा काढायचा. काहींना क्रीम किंवा लेझरही चालतं. यांच्या बाबतीत काढणंच ठरलं होतं.

हे ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "यांच्यामुळे झालं का? यांची मुक्कामाची ड्यूटी असते."

या आजारामागे बहुतेकदा एचपीव्ही विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून पसरतो हे खरं. पण शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतोच, बहुतेकांचा आपोआप जातो, आणि काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. कोणाच्या नवऱ्याची हमी मी घेत नाही, ते माझं कामही नाही. पण या रिपोर्टवरून कोणाच्याच चारित्र्याचा पंचनामा होत नाही, हे मी ठणकावून सांगते.

'पोटात गाठ होती' असं घरी सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, सगळ्यांना कळायची गरज नाही, पण घरातल्या एकीला खरं माहीत पाहिजेच. नाहीतर चार दिवसांत 'आता उठा की' सुरू होतं. त्यांनी निवडली धाकटी जाऊ, जिच्याशी एरवी पाण्याच्या मोटरवरून वाजायचं! बाकीच्यांना 'बायकांचं छोटं ऑपरेशन' एवढंच. ते खोटंही नाही.

मग तयारी. खाली बसायचा संडास, म्हणून कमोडची खुर्ची भाड्याने. मिश्री बंद, कारण तंबाखूतल्या निकोटीनने जखम भरायला वेळ लागतो. केस काढायला घरी ब्लेड लावायचं नाही. सैल सुती परकर त्यांनी स्वतःच शिवले, नाडीऐवजी रुंद पट्टी लावून. आणि एक गोष्ट मी आग्रहाने करून घेते: ऑपरेशनआधी आरशात ती जागा एकदा बघायची. आधी कशी होती हेच माहीत नसेल, तर नंतर सगळंच भयंकर वाटतं. सुनंदाताईंनी तेव्हा साफ नकार दिला.

पहिला आठवडा सुजेचा आणि आगीचा. लघवी करताना मगमधलं कोमट पाणी वरून ओतत राहायचं, म्हणजे झोंबत नाही. मग मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. डेटॉल बिलकुल नको. झोपायचं कुशीवर, कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल. टाके आपोआप विरघळतात, थोडा रक्ताचा डागही चालतो. पण ताप, घाण वास, वाढतं दुखणं, जास्त रक्त किंवा अडलेली लघवी असेल तर लगेच दवाखाना.

लग्नसराई होती. दुसऱ्या आठवड्यात बाई मशीनवर बसल्या, आणि एक टाका सुटून जखमेला फट पडली. पुन्हा शिवावी लागली नाही, पण भरायला वेळ लागला. त्या ड्रेसिंगला सिस्टरने आरसा पुढे धरला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं काही उरलंच नसेल."

त्यांच्याच इच्छेने यजमानांनाही बोलावलं. जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत, साधारण सहा आठवडे, संबंध नकोत, हे मी सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. विचारलं ते एवढंच, "मशीनवर बसता येईल ना हिला पहिल्यासारखं?" येईल म्हटलं. संबंधांबद्दल सुनंदाताई नंतर एकट्याच येऊन बोलल्या. पहिल्यांदा भीतीनेच अंग आखडतं, त्याची घाई करायची नसते.

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या. तरीही हे काही जणींना पुन्हा होतं, म्हणून सुरुवातीला दर सहा महिन्यांनी तपासणी. पुन्हा खाज आली तर ट्यूब नाही, सरळ ओपीडी. विषाणू तोच असल्याने गर्भाशयमुखाची तपासणीही करून घेतली.

गेल्या तपासणीला तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या, एचपीव्हीच्या लशीचं विचारायला. या वयात साधारणपणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही लस 2023 पासून मिळते. पहिला डोस त्याच दिवशी झाला.